बखीतच्या पंगतीतली पाखरं

माझ्या नातीला सरळ रेषेत जायचं होतं, आणि आमच्या जिद्दात, म्हणजे या वाळवंटी माळावर, सरळ रेषेत कोणी जात नाही. उंटसुद्धा नाही. माळ इतका सपाट की लांब बसलेली शेळी उंटाएवढी दिसते. अडवायला ना डोंगर, ना नदी. पण माणूस घरातून निघाला की याच्या तंबूकडे वळ, त्याच्या गाडीपाशी थांब, कॉफी घे, खबर दे, खबर घे, असं करत करत पोचतो. माझे यजमान तरुणपणी मीठ आणायला म्हणून निघाले होते. वाटेत थांबत थांबत गेले, आणि माझ्याशी लग्न करून घरी परतले. मीठ अजून यायचंय.

तर ही नात, मिझना. मस्कतला शिकते, पाखरं आणि रानातली जनावरं. पाखरांचं काय शिकायचं असतं ते मला विचारू नका. मी तिला एकदा विचारलं, तेव्हा तिने इतकं सांगितलं की मला मध्येच डुलकी लागली. तिला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई, झुवैना त्यांचं नाव, पोरांना नकाशावर पट्टी ठेवून एकेक रेषा आखून देतात. त्या रेषेवरून गाडी हळू न्यायची, ठरल्या जागी थांबायचं, गप्प बसायचं आणि दिसेल ते मोजायचं. पाखरू, हरीण, कोल्हा, सांडा सरडा, जे असेल ते. ज्याचं काम नीट उतरेल त्याला पुढचं वर्षभर त्याच मुलखात अभ्यास करायला मिळतो.

मिझनाने आपल्या घराजवळची रेषा मागितली. बाई म्हणाल्या, "घरच्या माळावरची पाखरं माणूस मायेने मोजतो. दोनाची चार होतात." तरी हो ना करता करता दिली. एक दिवसाची परीक्षा. नीट झाली तर पोरगी वर्षभर घरी. बिघडली तर मस्कतच्या किनाऱ्यावर कुरव मोजत बसायचं.

तिला घरी राहायचं होतं. मला त्याहून जास्त. ती गेल्यापासून माझ्याशी भांडणारं घरात कोणी उरलेलं नाही. सुना सगळं ऐकतात, "हो आई, बरं आई." दिवसभर "हो आई" ऐकून माणूस म्हातारा होतो.

आता माळावर एकटीने गाडी घेऊन जायचं नसतं. रुतली तर ढकलायला कोणी हवं. तिचा भाऊ उंटांबरोबर दक्षिणेला गेला होता, म्हणून मी तयार झाले.

"आजी, तू गाडी ढकलणार?"

"तुझ्या आजोबांना चाळीस वर्षं ढकललं. गाडी काय, तिला चाकं तरी असतात."

"तिथे बोलायचं नसतं. पाखरं उडतात."

"मी बोलते कुठे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहिलं.

आदल्या संध्याकाळी मी एक फोन केला होता. एकच. माझी मामेबहीण हुवैला आणि तिचा नवरा बखीत, त्यांचा तंबू मिझनाच्या रेषेवरच पडत होता. "उद्या माझी नात पाखरं बघायला तुमच्या बाजूने येतेय," इतकंच म्हणाले. बरं, असंही म्हणाले की देशभरातल्या सगळ्या पोरांतून हिलाच निवडलंय. आणि पाखरं दिसली नाहीत तर लेकरू रिकाम्या हाताने परत जाईल, मस्कतचे लोक म्हणतील जिद्दात काही नाही. एवढंच. हुवैला नुसतं "बरं" म्हणाली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. हुवैला नुसतं "बरं" कधी म्हणत नाही.

पहाटे निघालो तेव्हा धुकं होतं. आमच्याकडे पाऊस वर्षानुवर्षं येत नाही, पण समुद्रावरून धुकं येतं. बाभळींवरून थेंब टपकतात, शेळ्या झाडं चाटतात. हल्लीचं धुकं पातळ झालंय. माझ्या लहानपणी ते असं असायचं की माझी आई त्यावर ओले कपडे टाकायची. एकदा वारा सुटला, धुकं गेलं, आणि वडिलांचा एकुलता एक अंगरखा त्याच्याबरोबर यमनला गेला.

"यमनला गेला हे कसं कळलं?" मिझना गाडी चालवता चालवता म्हणाली.

"तिथल्या एका माणसाने घातलेला पाहिला. बाहीवरून ओळखला."

ती हसली. मला तेवढंच हवं होतं, कारण पोरीचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

पहिल्या थांब्यावर तिने गाडी बंद केली, दुर्बीण डोळ्यांना लावली. मी तोंडाला पदर लावला. चंडोल उठला, सरळ वर गेला, शीळ घालत खाली पडल्यासारखा आला. दुसरा पळत पळत खड्यांत लपला. मिझना बोटाने टॅबवर टिपत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या आईच्या चेहऱ्यावर बाळंतपणानंतर पाहिलं होतं. त्या दोन टीचभर पाखरांसाठी.

पुढच्या थांब्याच्या अलीकडेच रेषेवर एक माणूस उभा होता. जवळ गेलो तर थानी, सालेमचा मुलगा. शेजारी पिकअप, आणि पिकअपमागे पिंजरा.

मिझनाला थांबावंच लागलं. खबरी झाल्या. मग थानी म्हणाला, "हुवैलाकाकीने सांगितलं, तू पाखरं मोजतेस. आमच्याकडे ही आहेत."

पिंजऱ्यात कोंबड्या होत्या.

"थानीभाऊ," मिझना अगदी हळू म्हणाली, "या कोंबड्या आहेत."

"पंख आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

"रानातलीच मोजायची असतात."

थानी विचार करत राहिला. मग म्हणाला, "सोडतो. तू डोळे मीट, मी सोडतो, मग उघड."

त्याला समजवायला वेळ गेला. शेवटी त्याच्या तोंडावर हिरमुसलेपण राहू नये म्हणून मिझनाने प्रत्येक कोंबडीची चौकशी केली, कोण किती अंडी देते विचारलं. तेव्हा कुठे त्याने वाट सोडली. गाडी हलली तशी ती माझ्याकडे वळली. "आजी, हुवैलाआजीला कोणी सांगितलं?"

"वारा सांगतो. इथे वाऱ्याला काम काय दुसरं?"

ऊन वर आलं, धुकं उडालं. आता हुवैला-बखीतचा तंबू दिसायला लागला. आणि त्याच्या वरचं आभाळ.

खरंच सांगते, इथे मी काही वाढवत नाहीये. आभाळ हलत होतं. भाट तितरांचे थवेच्या थवे, कुईकुई करत येतायत, फिरतायत, उतरतायत. खाली जमीन दिसत नव्हती, नुसत्या पाठी. मधे होले, कडेला डोमकावळे, ताटावर बसून राहिलेल्या मामांसारखे. मिझनाने गाडी थांबवली. दुर्बीण हातातच राहिली. "आजी," म्हणाली, "आजी, असं कधीच... इतकी कुठे नाहीत गं, कुठेच नाहीत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मला वाटलं, झालं, पोरगी घरी राहिली.

मग तिने दुर्बीण लावली. इकडून तिकडे नीट फिरवली. आणि खाली घेतली.

"जव आहेत," ती म्हणाली.

बखीतने शेळ्यांच्या जवाचं पोतं मोकळं केलं होतं. शेळ्यांच्या पाण्याचा लांबलचक पन्हळ काठोकाठ भरला होता, ते पाणी टँकरने येतं, आणि टँकर त्याच्या मर्जीने येतो. पलीकडे त्याच्या शेळ्या दोरीने बांधलेल्या, पाखरांना त्रास नको म्हणून. उपाशी उभ्या राहून ओरडत होत्या. आणि तंबूच्या दारात बखीत, धुतलेले कपडे, डोक्याला नवं फडकं, कमरेला खंजीर. लग्नात नवरदेवाच्या बापाने उभं राहावं तसा.

आता मला सांगा, तो काय चुकला? पाहुणा येणार. पाहुण्याला काय हवं हे आधी कळलेलं. दूध हवं असतं तर दूध दिलं असतं, बोकड हवा असता तर कापला असता. पाहुणीला पाखरं हवी होती. जिद्दातला कोणता घरधनी वेगळं वागला असता?

आम्ही बसलो. कॉफी आली, खजूर आले.

"काय खबर?" बखीत म्हणाला.

"खबर काही नाही," मिझनाने रीतीने उत्तर दिलं. "तुमची काय खबर?"

"खबर काही नाही. सगळं बरं."

काही खबर नाही हे एकदा ठरलं की मग खबरी सुरू होतात. कोणाची उंटीण व्यायली, कोण सलालाच्या दवाखान्यात आहे, कोणी जावयाशी अबोला धरलाय. मिझना सगळं ऐकत होती, मान हलवत होती, पण पेला तिच्या हातात थंड होत होता.

हुवैलाला राहवलं नाही. "काय गं, बघितलीस ना?"

"बघितली, हुवैलाआजी."

"सकाळी अंधारातच टाकले हो जव. आधी एक आलं, मग दोन आली. मग हे मेले सगळ्या जिद्दाला आवतण देऊन आले."

"लिहून घेतलीस का?" बखीतने विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं, पण मान पुढे झाली होती.

मी तिला कोपराने ढोसलं. हळूच म्हणाले, "लिही की. खोटं कुठे आहे? पाखरं खरी आहेत. उडतायत, ओरडतायत."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टॅब मांडीवर पालथा होता. त्यावर तिचा तळहात. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. लिहिलं तर बाई खूष, वर्ष घरी, बखीतही खूष. नाही लिहिलं तर रेषेच्या मधोमध भोक, आणि समोर एक म्हातारा माणूस, ज्याने स्वतःच्या शेळ्या उपाशी ठेवून हे वाढलंय. पाहुण्याने ताट सरकवलं तर त्या घरी पुन्हा जायला तोंड उरत नाही.

मग तिने पेला खाली ठेवला.

"बखीतआजोबा, तुमच्याकडे बोकड कापला तर पाहुण्याने किती खावं?"

"पोट फुटेपर्यंत."

"आणि जाताना किती बांधून न्यावं?"

बखीत दचकलाच. "बांधून? पाहुणा बांधून नेतो का कधी? लाज असते माणसाला."

"मग ही पाखरं तुम्ही मला वाढलीत," मिझना म्हणाली. "मी पोट फुटेपर्यंत बघितली. अशी पंगत मला जन्मात कोणी घातली नव्हती. आता ती पदरात बांधून मस्कतला नेली तर डॉक्टरबाई विचारतील, कोणाच्या घरून आणलीस. मी काय सांगू?"

बाहेर शेळ्या ओरडत होत्या. बखीतने दाढी खाजवली, एकदा हुवैलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता रागावतो. तो म्हणाला, "एखादा घास नेतात की. घरच्या लेकरासाठी."

"आजोबा."

"एकच लिही. तो बघ तिथे, कडेला, लंगडा. तो जव नसले तरी येतो. घरचाच आहे."

"त्यालाही नाही."

"लंगड्याला सुद्धा नाही?"

"तो तुमच्याच पंगतीत जेवतोय ना?"

बखीतने लंगड्याकडे बघितलं, मग पोरीकडे. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, हिला कोण शिकवतं हे?" आवाजात राग नव्हता. कौतुक होतं, आणि जरा हरल्याचं हसू.

"मीच," मी म्हणाले.

उठताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मगच शेळ्या सोडल्या. त्या थव्यात घुसल्या आणि सगळं आभाळ एकदम वर उठलं. हुवैला मला दारापर्यंत पोचवायला आली. "अक्का," कानाशी म्हणाली, "पुढच्या वेळी आधी सांग बरं, पाखरं जेवलेली हवीत की उपाशी."

गाडी रेषेवर परत आली. पुढचा थांबा आला, गेला. मिझना मोजत होती, टिपत होती, माझ्याशी एक शब्द नाही. ऊन असं तापलं होतं की बाभळींच्या सावल्यासुद्धा उठून खोडामागे जाऊन बसल्या होत्या. एका बाभळीखाली एक हरीण उभं होतं, नुसतं उभं, तोंड उघडं. तिने ते टिपलं. एक.

"आजी, कोणाला फोन केला होतास?"

"कोणाला नाही."

"आजी."

"हुवैलाला. एकच."

"का?"

काय सांगणार? खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, पण उन्हाने तोंड कोरडं पडलं होतं. "तू लांब जाऊ नयेस म्हणून," मी म्हणाले.

तिने गाडी थांबवली. मला वाटलं आता उतरवते. तिने मागून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, माझ्या हातात दिली आणि मी पिईपर्यंत धरून ठेवली. "मला पण जायचं नाहीये गं," ती म्हणाली. मग पुन्हा गाडी सुरू केली, कारण पुढचा थांबा राहिला होता.

शेवटच्या टप्प्यात फार काही मिळालं नाही. दोन धाविक पक्षी, खड्यांच्याच रंगाचे, थांबत थांबत पळणारे. एक सांडा, बिळाच्या तोंडाशी, पाय उचलून उचलून जमिनीवर टेकवत होता. माझ्या लहानपणी असाच एक सांडा उन्हात आमच्या दारी येऊन आईच्या चपला मागायचा, पण तेव्हा ते सांगायची वेळ नव्हती. मी गप्प होते. मिझनाने एकदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना.

ऊन उतरल्यावर डॉक्टरबाई आमच्या तंबूत आल्या. बारीक बाई, मोठा चष्मा, पायात पुरुषी बूट. खबर विचारली तर सरळ खबर सांगायला लागल्या, पण मस्कतच्या आहेत, चालायचंच. सुनांनी दूध आणलं. बाईंनी टॅब हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि रेषेवरून बोट नेत गेल्या. मधोमध बोट थांबलं.

"इथे काही नाही? पाण्याची जागा आहे, आणि एकही पाखरू नाही?"

मी पुढे सरकले. "अहो, त्याचं असं झालं, तिथे सकाळी एक गरुड आला, त्याचे पंख इथपासून..."

"आजी, थांब," मिझना म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं. फोन, थानीच्या कोंबड्या, जवाचं पोतं, बांधलेल्या शेळ्या, पंगत. मला वाचवलं नाही, पण बुडवलंही नाही. "आजीने कौतुकाने सांगितलं होतं," असं म्हणाली. बाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"किती होती?" त्यांनी विचारलं.

"मोजली नाहीत."

"अंदाजे तरी?"

"मोजली असती तर लिहावीशी वाटली असती, डॉक्टर."

बाईंनी टॅब गालिच्यावर ठेवला. "ही रेषा गेली. पाखरांना ते ठिकाण आता ठाऊक झालंय, महिनोन् महिने येत राहतील. या रेषेचा मला काही उपयोग नाही."

मिझना गालिच्याच्या नक्षीकडे बघत राहिली. सून दुधाचं भांडं घेऊन मध्येच उभी राहिली होती. मी माझं सगळं आयुष्य गोष्टी जुळवण्यात घालवलं, पण त्या घडीला मला एकही सुचेना.

"दुसरी आखावी लागेल," बाई म्हणाल्या. त्यांनी खिशातून नकाशा काढला आणि पसरला. "पूर्वेला, उताराच्या खाली. तिथे कोणाचा तंबू नाही?"

"नाही," मिझना म्हणाली. मान अजून खालीच.

"रोज इथून जाऊन येऊन जमेल?"

मिझनाने मान वर केली.

"काम वर्षभराचं आहे," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं दोनाची चार करशील. तू शेकडो पाखरांतलं एकही लिहिलं नाहीस. मला असंच माणूस इथे हवंय. पण बरोबर कोणीतरी लागेल. मी मस्कतहून एक मुलगी पाठवते."

"मी आहे की," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मिझनाकडे. मिझना म्हणाली, "आजी येईल, डॉक्टर. तिला माळ माहीत आहे. आणि ती गप्प बसेल."

"वर्षभर?" बाईंचा विश्वास बसेना. "आजी, जमेल तुम्हाला?"

"अहो, लग्न झालं तेव्हा मी पहिली दोन वर्षं बोललेच नव्हते," मी म्हणाले. "यजमानांना वाटायचं मुकी करून दिली. एके दिवशी उंटाने त्यांच्या पायावर पाय ठेवला तेव्हा मी पहिल्यांदा हसले, आणि तेव्हा त्यांना कळलं की मला आवाज आहे."

डॉक्टरबाईंनी गंभीरपणे मान हलवली. "आमच्या आजीचंही असंच होतं म्हणे," त्या म्हणाल्या.

मिझनाने दुधाचं भांडं तोंडाला लावलं. दूध केव्हाच संपलं होतं, पण भांडं काही खाली येईना.